मोकळ्या कानांनी गाणे



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानांना येणारा श्रोता राजकारण ऐकायला तयार असतो, अर्थकारण ऐकायला तयार असतो, ज्ञानेश्वरीवर तर तासन्‌तास ऐकायला तयार असतो. त्याच्यापुढे माझ्यासारख्या, आयुष्यभर ध्वनिमुद्रणाच्या तारा गुंडाळीत बसलेल्या माणसाने ‘घरच्या घरी गाणे मुद्रित करताना कानांवर हेडफोन लावावा की न लावावा’ हा विषय घेऊन उभे राहावे, हे थोडे विजोड दिसेल. परंतु विषय दिसतो तितका लहान नाही. गाणारा आणि यंत्र एका खोलीत आले म्हणजे दोघांपैकी कोणी कोणासाठी सोय करून घ्यायची, असा तो प्रश्न आहे. आणि आज तो घराघरांत उभा आहे.

पूर्वी तो घराघरांत नव्हता. 1902 साली फ्रेड गायसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कलकत्त्याला आले आणि गौहरजान यांचे गाणे त्यांनी तबकडीवर घेतले, तेव्हा गाणारीच्या तोंडासमोर एक मोठा कर्णा होता. वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. त्या कर्ण्यात शिरेल तेवढाच आवाज मेणाच्या तबकडीवर उमटायचा. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. पुढे चित्रपटांची गाणी मुद्रित होऊ लागली, तीही कित्येक वर्षे अशी, की गायिका आणि वादक एकाच दालनात, एकाच वेळी. कोणाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. या काळात गाणाऱ्याला साथ ऐकू यावी म्हणून वेगळी योजना करावी लागत नसे. साथ शेजारीच बसलेली असे.

मग चुंबकीय फीत आली, आणि एका आवाजावर दुसरा आवाज चढविण्याची कला आली. अमेरिकेत लेस पॉल आणि मेरी फोर्ड या जोडप्याने 1951 साली एका गाण्यात एकाच गायिकेचे अनेक आवाज एकावर एक रचून लोकांना चकित केले. साथ आधी मुद्रित करायची आणि गाणे मागाहून, ही रीत तिथून रूढ होत गेली. आता साथ शेजारी बसलेली नाही. ती फितीवर आहे, पुढे संगणकात आहे. गाणाऱ्याला ती ऐकू तर आली पाहिजे, पण मायक्रोफोनला ऐकू येता कामा नये. या अडचणीवरचा सरळ उपाय म्हणजे हेडफोन.

उपाय सोयीचा आहे, हे मी आधीच कबूल करतो. साथ कानांतच राहिली तर गाण्याची मुद्रिका स्वच्छ मिळते. मागाहून तबला बदलता येतो, तंबोऱ्याची पट्टी किंचित सुधारता येते, एका वेळच्या गाण्यातली ओळ दुसऱ्या वेळच्या गाण्यात जोडता येते. ज्याला हेडफोन लावून सुखाने गाता येते, त्याने तो अवश्य लावावा. माझे सांगणे आहे ते ज्यांना तसे गाता येत नाही त्यांच्यासाठी. आणि अशी माणसे थोडी नाहीत.

त्यांना का येत नाही? याचे उत्तर मिळविण्यासाठी आपण सर्वांनी आत्ता एक प्रयोग करावा. तोंडाने ‘आ’ असा लांब स्वर धरा, आणि मध्येच दोन्ही कान तळहातांनी घट्ट झाका... हसू नका, करून पाहा. आवाज एकदम डोक्याच्या आत घुमू लागला ना? आपण आपला स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो. एक वाट हवेतून, तोंडाकडून कानाकडे येणारी. दुसरी कवटीच्या हाडांतून. श्रवणशास्त्राचे नोबेल पारितोषिकविजेते गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी 1949 साली दाखवून दिले, की स्वतःच्या आवाजाच्या बाबतीत या दोन वाटांनी येणारा ध्वनी साधारण सारख्याच जोराचा असतो. कान झाकले की हवेची वाट अडते आणि हाडांच्या वाटेने येणारा खालचा घुमारा वाढतो. ज्या तराजूवर गाणारा जन्मभर आपला सूर तोलीत आला, त्याचे एक पारडेच आपण धरून ठेवतो, आणि मग म्हणतो, ‘बाई, तुमचा सूर का हलतो?’

याला जोडून दुसरी गोष्ट घडते. 1911 साली एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी असे दाखविले, की भोवती गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. कानांत साथ मोठी ठेवली की गाणारा तसाच आवाज चढवितो. भावगीताची हळुवार ओळ पोवाड्याच्या जोराने येते. साथ लहान ठेवली तर स्वतःच्या घुमाऱ्यापुढे ती ऐकू येत नाही. पुन्हा, गाणाऱ्याचा आवाज संगणकातून फिरवून त्याच्या कानांत परत आणला, तर तो किंचित उशिरा पोचतो. सेकंदाला 44,100 नमुने घेणारा संगणक एका वेळी 256 नमुन्यांचा गठ्ठा बांधीत असेल, तर एका गठ्ठ्याला सुमारे 6 मिलिसेकंद लागतात. आणि येताना एक नि जाताना एक असे निदान दोन गठ्ठे होतात. ऐकताना हा उशीर क्षुल्लक वाटेल. पण हाडांतून आलेला आवाज आणि कानांत उशिरा आलेला तोच आवाज एकमेकांत मिसळून असा पोकळ होतो, की गाणाऱ्याला आपलाच गळा परका वाटू लागतो.

आपले शाहीर चढा सूर लावताना एक हात कानाशी नेतात, हे आपण पाहिले आहे. डफ-तुणतुण्याच्या गजरात आपला सूर आपल्याला ऐकू यावा, यासाठीचे ते साधे यंत्रच आहे. पण लक्षात घ्या, हात एकाच कानाशी जातो. दुसरा कान जगाला मोकळा असतो. म्हणून माझी पहिली शिफारस हीच: हेडफोन एकाच कानावर लावा. दुसरी वाटी कानामागे डोक्याला घट्ट टेकू द्या, म्हणजे तिच्यातून आवाज गळणार नाही. शक्य असेल तर त्या बाजूची साथ बंदच करा. निम्म्या लोकांची अडचण एवढ्यानेच सुटते.

उरलेल्या निम्म्यांसाठी हेडफोन पुरता बाजूला ठेवावा आणि साथ साध्या स्पीकरवर लावावी. इथे जाणकार लोक घाबरतात: साथ मायक्रोफोनमध्ये शिरेल! शिरेलच. प्रश्न एवढाच, की किती शिरेल. आणि हे आपल्या हाती आहे.

आवाजाचा एक नियम आहे. अंतर दुप्पट झाले की उघड्या जागेत त्याचा जोर 6 डेसिबलने उतरतो. गाणाऱ्याचे तोंड माईकपासून 10 सेंटिमीटरवर आणि स्पीकर 160 सेंटिमीटरवर ठेवला, तर अंतर चार वेळा दुप्पट झाले. म्हणजे मुळात सारख्याच जोराच्या या दोन आवाजांत गळ्याला 24 डेसिबलचा फायदा नुसत्या अंतराने मिळाला. त्यात स्पीकर हळू ठेवला की फायदा आणखी वाढतो. शिवाय गाण्याचे पुष्कळसे माईक बदामाच्या आकाराने ऐकतात. पत्त्यांतला बदाम डोळ्यांपुढे आणा: त्याच्या खाचेच्या बाजूला, म्हणजे पाठीमागे, असा माईक जवळजवळ बहिरा असतो. स्पीकर नेमका तिथे, माईकच्या पाठीशी आणि गाणाऱ्याच्या तोंडासमोर ठेवावा. काही माईकांचा बहिरेपणा सरळ मागे नसून मागच्या दोन्ही कोपऱ्यांकडे असतो. माईकबरोबर आलेल्या कागदावर तशी आकृती असते, ती पाहून घ्यावी.

पण खोलीत भिंती आहेत. स्पीकरचा आवाज गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून माईकच्या तोंडात परत येतो. म्हणून त्या भिंतीवर, गाणाऱ्याच्या पाठीशी, दोन जाड गोधड्या टांगाव्या. आजीच्या हातची गोधडी या कामी फार उपयोगी पडते, हे मी अनुभवाने सांगतो. साथीतला ढोलकी-तबल्याचा खर्ज थोडा कमी करावा, कारण गोधडीला तो जुमानत नाही. आणि एक नियम कधी मोडू नये: माईकमधला आवाज त्याच स्पीकरवर सोडायचा नाही, नाहीतर सभामंडपात कधी कधी ऐकू येते ती किंकाळी आपल्या माजघरात ऐकू येईल. स्पीकरवर फक्त साथ. स्वतःचा आवाज गाणाऱ्याने देवाने दिलेल्या कानांनी ऐकावा.

याहून सफाई हवी असेल, तर दोन युक्त्या आहेत. पहिली अशी, की दोन स्पीकर माईकपासून तंतोतंत सारख्या अंतरावर ठेवावेत, दोघांत एकच साथ लावावी, आणि एकाची उलटसुलट दिशा बदलावी. म्हणजे एक स्पीकर हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. माईकपाशी दोघांची झटापट होऊन बरोबरी सुटते. गाणाऱ्याचे कान मात्र दोन बाजूंना असल्यामुळे प्रत्येक कान एका स्पीकरला जवळचा असतो, आणि त्याला साथ ऐकू येते. खर्ज तेवढा पातळ लागतो.

दुसरी युक्ती वजाबाकीची. गाणे मुद्रित झाले की कोणतीही वस्तू न हलवता, कोणतीही खुंटी न पिळता, गाणाऱ्याने जागेवर गप्प उभे राहावे आणि तीच साथ पुन्हा वाजवून मुद्रित करावी. आता पहिल्या मुद्रिकेत गाणे अधिक गळलेली साथ आहे, दुसरीत केवळ गळलेली साथ. दुसरी उलटी करून पहिलीत मिसळली की उरते ते गाणे. हिशेब शाळेतला आहे. पण परीक्षा कडक आहे. दहा हजार कंपनांच्या स्वराची एक लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब असते. माईक एक सेंटिमीटर सरकला, तर त्या स्वरापुरती वजाबाकी फसली. म्हणून ही युक्ती खालच्या आणि मधल्या स्वरांना चांगली लागू पडते, वरच्या छनछनाटाला कमी. पंखा आधी बंद करावा, कारण त्याचा आवाज दोन्ही वेळी एकसारखा नसतो, म्हणून तो वजा होत नाही.

या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे. स्पीकरवरून आलेली साथ दीड-पावणेदोन मीटर चालून सुमारे 5 मिलिसेकंद उशिरा माईकमध्ये शिरते. ती मूळ साथीशी मिसळली की थोडी पोकळ लागू शकते. मागाहून तबला बदललात, तर गाण्याच्या मागे जुन्या तबल्याचे भूत उरते. संगणकाने सूर दुरुस्त करायला गेलात, तर गळलेली साथही गळ्याबरोबर ओढली जाते. तेव्हा साथ आधी पक्की करा, मगच गाणे घ्या. आपल्या संगीताला ही शिस्त नवी नाही. तंबोरा आधी जुळवायचा आणि मग षड्ज लावायचा, हे आपल्याला लहानपणीच शिकविलेले असते.

आणि तंबोऱ्यावरून सांगतो. ख्यालगायकाच्या पाठीमागे दोन तंबोरे वाजत असतात. गवयाच्या माईकमध्ये त्यांचा झंकार शिरतो, आणि त्याला कोणी गळती म्हणत नाही. गाणे ज्या हवेत जन्माला आले, ती हवाच तिथे ऐकू येते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? आपल्या घरांत, आपल्या गावांत असे पुष्कळ गळे आहेत, जे कोणत्याही कंपनीच्या दालनात कधी गेले नाहीत. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या रचणाऱ्या बायकांना तंबोरा नव्हता. जात्याची घरघर हीच त्यांची लय. प्रत्येक घरी असे काही ना काही शिल्लक आहे: आजीची ओवी, आत्याचे हादग्याचे गाणे, काकांचा अभंग. नातू हौसेने माईक आणतो, संगणक उघडतो, आणि पहिले काय करतो, तर आजीच्या कानांवर दोन काळ्या वाट्या चढवितो. आजी दोन ओळी म्हणते, दचकते, आणि ‘नको रे बाबा, आता आवाज राहिला नाही’ म्हणून उठते. आवाज राहिलेला असतो. तो ऐकण्याची तिची वाट आपण बुजविलेली असते. आणि अशी उठलेली आजी पुन्हा माईकपुढे बसेलच असे नाही. एखादे वर्ष जाते, आणि मग मुद्रित करायला कोणी उरत नाही.

तेव्हा माझे मागणे एवढेच आहे. पुढच्या वेळी घरात गाणे मुद्रित कराल, तेव्हा गाणाऱ्याला आधी विचारा, ‘तुम्हाला कसे ऐकू आले म्हणजे बरे वाटेल?’ त्याने सांगितलेले ऐका, आणि मग तारा जोडा. थोडी साथ गळली तर गळू द्या. सफाई थोडी कमी असलेले खरे गाणे पुढची पिढी आवडीने ऐकेल. गायलेच न गेलेले गाणे स्वच्छ करण्याचा उपाय मात्र कोणत्याही यंत्रापाशी नाही.