मेंदूचे चित्र आणि पांढरा उंदीर
(ज्ञातिमेळाव्यातील व्याख्यान)



विषय ऐकताच काहींच्या मुखावर स्मित उमटले. परंतु जळगाव-धुळ्याकडील आपल्या अनेक घरांत विस्मृतीने ग्रासलेली वडील माणसे आहेत. मुंबईस नेल्यावर कधी कधी ‘पेट’ नामक तपासणी होते, आणि डॉक्टर चित्रातील चकाकणारा डाग दाखवितात. तो डाग कशाचा, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

या तपासणीत किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. शर्करेसारखे एक द्रव्य सर्वत्र वापरतात, ते तूर्त बाजूस ठेवू. इतर कित्येक द्रव्ये मेंदूतील ठरावीक प्रथिनास चिकटावीत, अशी घडविलेली असतात. परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विभागात देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली सुरू झाले. अशा यंत्रात सिद्ध होणारा फ्लोरीन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. आगगाडीचे सात तास धरले, तर जळगावी चौदावा हिस्साच पोहोचेल! कार्बन-११ तर वीस मिनिटांतच निम्मा होतो.

परंतु द्रव्य नेमल्या जागीच चिकटते कशावरून? टाऊ प्रथिन दाखविण्यासाठी जपानात टीएचके-५३५१ हे द्रव्य तयार झाले. २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी रुग्णांस सेलेजिलीन या औषधाची एक मात्रा देऊन पाहिली. हे औषध टाऊस नव्हे, एमएओ-बी नामक निराळ्या प्रथिनास अडविते. तरीही चकाकी एक-तृतीयांशाहून अधिक घटली. म्हणजे डागाचा मोठा भाग भलत्याच प्रथिनाचा होता.

येथे उंदीर उपयोगी पडतो. आपल्या कपाशीच्या बीटी वाणात जनुक घातलेले असते. या उंदरातून ते निकामी केलेले असते. लहान जातीच्या उंदरांत ही किमया साधणाऱ्या कापेची, इव्हान्स व स्मिदीज यांस २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या जातीत जनुक नेमके छाटण्याची सोपी वाट २००९ साली सापडली. त्याचा मेंदू सुमारे दोन ग्रॅमचा, लहान उंदराच्या चौपटीहून अधिक. म्हणून चित्रात अवयव वेगळे ओळखू येतात.

आता प्रयोग पाहा. एक उंदीर साधा, दुसरा त्याच वंशाचा, पण ते प्रथिनच नसलेला. दोघांस तेच द्रव्य द्यावे. दुसऱ्यातही चकाकी तितकीच राहिली, तर द्रव्य अन्यत्र चिकटते हे सिद्ध झाले. औषधाने जागा अडवूनही परीक्षा होते. पण ते औषधच दोन जागा अडवीत असेल, तर फसगत होते. मला जनुकाची परीक्षा अधिक चोख वाटते. शिवाय चित्र जिवंतपणी निघते, तोच प्राणी पुन्हा तपासता येतो, त्यामुळे जीवहत्या कमी होते.

तथापि जन्मापासून प्रथिन नसलेले शरीर दुसरी सोय करून घेऊ शकते. आणि माणसाच्या मेंदूत जे विपुल, ते उंदरात थोडे असू शकते. म्हणून उंदरात उत्तीर्ण झालेले द्रव्यही माणसांत पुन्हा पारखावे लागते.

सेलेजिलीन हे कंपवातावर दिले जाणारे औषध आहे. सबब तपासणीस जाताना रुग्णाच्या चालू औषधांची यादी लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावी, आणि कोणते द्रव्य देणार, ते कशास चिकटते, हे त्यांस नम्रपणे विचारावे.