नदी, श्रम आणि देव

(चेन्नई येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चेन्नईलगतच्या पल्लावरम येथे ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला एक दगडी हातकुऱ्हाड सापडली. त्याच वर्षी कोसस्थलैयार नदीच्या खोऱ्यात, अत्तिरमपाक्कम येथे, अशी पुष्कळ हत्यारे हाती आली. शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ पासून तेथे नव्याने उत्खनन केले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. नदी होती, हत्यार घडविणारा हातही होता. परंतु एवढ्या प्रदीर्घ काळात त्या काठावर सिंधूकाठच्यासारखे नगर उभे राहिले नाही. नदीने संस्कृतीला जन्म दिला, हे पाठ्यपुस्तकी वाक्य किती अपुरे आहे हे यावरून ध्यानात यावे. उत्पादनाची साधने आणि संबंध यांत क्रमाने होणारे बदल म्हणजे इतिहास, असे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ साली मांडले. भूगोल शक्यता पुरवितो. ती प्रत्यक्षात आणतात ते श्रम.

नाईलचा पूर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येई व तो ओसरताच पेरणी होई. तैग्रिस-युफ्रेतिसचा पूर मात्र वसंतात, पीक शेतात उभे असताना येई. तेथे बांध घालणे, कालवे उपसणे, माणसे कामाला लावणे आणि त्यांना शिधा वाटणे भाग होते. हा सारा हिशेब मंदिरात राहू लागला. उरुक येथील सर्वांत जुन्या मातीच्या पाट्यांवर प्रार्थना नाहीत. प्रामुख्याने धान्य, गुरे आणि शिधा यांच्या नोंदी आहेत. देव जमिनीचा धनी ठरला आणि पुरोहित त्याचा कारभारी. वरकड धान्य कोणाच्या ताब्यात गेले, हे या स्वर्गीय व्यवस्थेवरून सहज ओळखता येते.

नदीच्या स्वभावावरून देवांचा स्वभाव ठरविण्याची हौस पंडितांना फार. पण नाईलकाठी आमोन गेला, ख्रिस्त आला, पुढे इस्लाम आला. आस्वानचे मोठे धरण १९७० साली पुरे होण्याच्या सुमारापर्यंत पूर मात्र तसाच येत राहिला.

आपल्याकडेही पुरावा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या या शेतकरी वस्तीत पाटाचे अवशेष मिळाले, पाच खोल्यांचे एक घर मिळाले आणि त्या घराला लागूनच धान्याचे कोठार मिळाले. मातीच्या पेटीत ठेवलेली एक शिरहीन स्त्रीमूर्ती आणि बैलही मिळाला. तिला कोणत्या नावाने हाक मारीत, हे ती माती सांगत नाही. कोठार कोणाच्या दाराशी होते, हे मात्र सांगते.

सिंधूच्या नगरांत निर्विवाद म्हणता येईल असे मंदिर आढळलेले नाही. ठरीव मापाच्या विटा आहेत, गटारे आहेत, वजने आहेत. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरील आसनस्थ आकृतीला जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये शिवाचे आद्य रूप म्हटले आणि तेव्हापासून तो तर्क सिद्ध सत्य म्हणून मिरविला जातो. लिपी अद्याप वाचता आलेली नाही. याच चेन्नईत राहून इरावतम महादेवन यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोशात ४१७ चिन्हांची नोंद आहे. भाषा द्राविड असावी असे त्यांचे मत होते. पण २०१८ मध्ये निधन होईपर्यंत लिपी उलगडल्याची द्वाही त्यांनी फिरविली नाही. विद्वत्तेची सचोटी ती हीच.

हे भान दोन्ही बाजूंनी ठेवावयास हवे. २०२४ सालच्या सहावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात या संस्कृतीला ‘सिंधू-सरस्वती’ असे नाव देण्यात आले. वैदिक नदीचे नाव जोडले की न वाचलेल्या मुद्रांना धर्म आपोआप चिकटतो, हा त्यामागील हिशेब आहे. दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईतील परिषदेत मुख्यमंत्री स्टालिन यांनी लिपी उलगडणाऱ्यास १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. संशोधनास पैसा मिळावा, हे योग्यच. परंतु तमिळनाडूच्या खापरांवरील खुणा आणि सिंधू चिन्हे यांत आकाराचे साम्य दिसले म्हणून भाषा एक ठरत नाही. संघाच्या मिथकाला अस्मितेच्या मिथकाने उत्तर देणे हे श्रमिकांच्या चळवळीचे काम नव्हे.

अशा वेळी उत्खननाच्या नोंदींना महत्त्व येते. मदुराईनजीक वैगै नदीच्या खोऱ्यात, कीळडी येथे, केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे अमरनाथ रामकृष्ण यांनी २०१४ ते २०१६ या काळात विटांची बांधकामे आणि तमिळ-ब्राह्मी अक्षरांची खापरे उजेडात आणली. २०१७ मध्ये त्यांची आसामला बदली झाली. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने काम हाती घेतले; २०१९ मध्ये जाहीर झालेल्या कालमापनानुसार तेथील एक नमुना इ. स. पू. ५८० च्या सुमाराचा ठरला. म्हणजे नगरजीवनाचा आणि लेखनाचा मान गंगेच्या खोऱ्याकडेच अगोदर गेला, हे गृहीतक पुन्हा तपासणे प्राप्त झाले. रामकृष्ण यांनी जानेवारी २०२३ मध्ये ९८२ पानांचा अहवाल सादर केला. दोन वर्षांहून अधिक काळ तो पडून राहिला. मे २०२५ मध्ये खात्याने दुरुस्त्या सुचवून, विशेषतः सर्वांत जुन्या थराच्या काळाबद्दल शंका घेऊन, तो परत पाठविला. निष्कर्ष पुराव्यावर आधारलेले आहेत असे सांगून त्यांनी ते बदलण्यास नकार दिला. मदुराईचे मार्क्सवादी खासदार सु. वेंकटेशन कीळडीचा प्रश्न संसदेत सातत्याने मांडीत आले होते. जून २०२५ मध्ये रामकृष्ण यांची पुन्हा बदली करण्यात आली.