कर्जाची रेघ आणि आपला वाटा
(सोलापुरातील तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी सोलापूरचा, पोट मुंबईच्या गोदीत. शिक्षण मॅट्रिक. बजेटवर बोलायला ह्याला कशाला उभं केलं, असं कुणाला वाटेल. पण ओझं किती झालं हे साहेबाच्या आधी हमालाच्या पाठीला कळतं.

बोटीच्या अंगावर रेघ मारलेली असते. पाणी रेघेला टेकलं की माल चढवणं बंद. सरकारच्या कर्जालाही अशी रेघ आहे. घटनेचं कलम २९२ केंद्रासाठी, २९३ राज्यांसाठी. संसदेनं कायदा करून ही मर्यादा बांधावी, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ ला घटना समितीत बोलून दाखवली होती. केंद्राचा तसा कायदा यायला २००३ उजाडलं. महाराष्ट्राचा आला २००५ साली. केंद्राचं देणं ज्या राज्याच्या डोक्यावर, त्याला केंद्राच्या संमतीशिवाय नवं कर्ज नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२३-२४ ते २०२५-२६ साठी राज्यांना रेघ आखून दिली: वर्षाचं नवं कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्के. केरळ ह्या बंधनांविरुद्ध २०२३ साली सुप्रीम कोर्टात गेलं.

रेघ असावी. सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या बापांच्या पोरांना ते सांगायला नको. माझा सवाल वेगळा आहे. पाणी रेघेला टेकलं, की धक्क्यावर कुणाचा माल पडून राहतो?

रांग बघा. कलम २०२ प्रमाणे कर्जाचं व्याज हा भारित खर्च. कलम २०३ प्रमाणे त्यावर विधानसभेत चर्चा होते, मत पडत नाही. म्हणजे सावकार पहिला. मग पगार-पेन्शन. मग मतं आणणाऱ्या योजना. शेपटाला आपण: स्कॉलरशिप, वसतिगृह, वस्तीतली गटारं. बजेटात आकडा छापलेला असतो. पण छापलेला आकडा खिशात खुळखुळत नाही.

२०२५-२६ च्या बजेटात महाराष्ट्राचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज मांडला. त्याच मे महिन्यात सामाजिक न्यायाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकासाचे ३३५ कोटी ७० लाख लाडकी बहीण योजनेकडं वळले. खुद्द खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर हरकत घेतली. बहिणीला दीड हजार मिळूदेत, ती आपलीच आहे. पण आईला वाढायचं म्हणून पोराच्याच ताटातली भाकर उचलायची? भरलेली ताटं दिसत नाहीत का?

पैसा वळला तेव्हा महाराष्ट्रात तो अडवणारा कायदा नव्हता. शेजारच्या कर्नाटकात २०१३ चा कायदा होता. तरी २०२३-२४ ला अनुसूचित जाती-जमातींच्या निधीतले अकरा हजार कोटींवर हमी योजनांना लावले. कायद्याला भोकं ठेवली होती. तेव्हा कायदा पाहिजे, तो बिनभोकाचा पाहिजे, आणि वर आपला पहारा पाहिजे.

ह्याच सोलापुरात जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं वसतिगृह काढलं. नगरपालिका महिना ४० रुपये द्यायची. रक्कम चिमूटभर, पण महिन्याची होती. भूकही रोजची असते, तिला रेघ कळत नाही.

म्हणून एक काम घेऊन जा. वस्तीच्या फळ्यावर तीन आकडे लिहा. आपल्या नावावर ठेवले किती, सोडले किती, खर्चले किती. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यामधला पैसा गेला कुठं, हे आमदाराला भर चौकात विचारा. उत्तर मिळेपर्यंत फळा पुसू नका.