आधी मजकुराची बांधणी पाहा

"मुलगी धडा पुन्हा पुन्हा वाचते, पण पुस्तक मिटलं की तिला काही सांगता येत नाही," असं पालक कळवळून सांगतात. तिचं पुस्तक उघडून पाहा. जवळजवळ प्रत्येक ओळीखाली रेघ असते. माझं सांगणं असं, की रेघा मारण्याआधी लेखकानं मजकूर कसा बांधलाय ते ओळखावं आणि टिपणही त्याच बांधणीचं काढावं.

भूकंपावरचा मजकूर घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माणसं गाढ झोपेत होती. घरांच्या जाड भिंती दगडमातीच्या, वर माळवदाचं ओझं. त्यामुळे घरं जागच्या जागी बसली आणि हजारो जीव गेले. 'त्यामुळे', 'परिणामी' हे शब्द आले, की वहीच्या डावीकडे कारणं लिहा, उजवीकडे परिणाम, मध्ये बाण. बाण काढतानाच मुलीच्या लक्षात येतं, की 'पहाट' ही नुसती पाठ करायची वेळ नाही. इतकी माणसं दगावण्याचं ते एक कारण आहे.

पुढे 'याउलट' किंवा 'मात्र' म्हणत लेखक ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाकडे वळला, तर दोन रकाने आखा. तोही पहाटेच झाला होता, हे साम्य तिथं आपोआप समोरासमोर येतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'नंतर' या शब्दापाशी. कोयना धरणात पाणी साठू लागलं, नंतर परिसरात धक्के जाणवू लागले. एवढ्यावर कारणाचा बाण काढायचा नाही. आधी फक्त घटनांचा क्रम मांडा. मग लेखक पुरावा देतो का, ते शोधा. जलाशयातल्या पाण्याची पातळी आणि धक्के यांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ताडून पाहिल्या आणि त्यातून दोहोंचा संबंध मांडला. हे वाक्य सापडलं, की खुशाल बाण काढा. मोठी माणसंही वर्तमानपत्र वाचताना इथंच फसतात, म्हणून ही सवय शाळेतच लागायला हवी.

एका धड्यात अशा दोन-तीन बांधण्या असतात. सगळा धडा एकाच तक्त्यात कोंबू नका.

पालकांनो, आज मुलांजवळ बसा, एकच परिच्छेद वाचा आणि उत्तरं विचारण्याऐवजी एवढंच विचारा: लेखक इथं क्रम सांगतोय, तुलना करतोय, की कारण देतोय?