टॅबलेट आणि मागच्या रांगेतील मूल



दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक शाळांच्या पटावर नवी नावे दिसू लागतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कामगारांची ही मुले काही महिन्यांपुरतीच वर्गात असतात. त्यांतील एखादे मागच्या रांगेत बसते, फळ्यावरचे उतरून घेत नाही, हाकेला ओ देत नाही. त्याच्यावर 'मठ्ठ' हा शिक्का बसण्यास वेळ लागत नाही. कित्येकदा त्याची दृष्टी अधू असते, किंवा त्यास कमी ऐकू येते. गावातल्या मुलांतही असे मूल आढळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार नमूद असून अल्पदृष्टी व वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे.

अशा मुलाची तपासणी प्रथम करवून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून त्यासाठीच नेमलेली आहेत. चष्म्याचे काम टॅबलेट करीत नाही. तथापि तपासणीनंतर वर्गात पुष्कळ साहाय्य करतो. त्यात अक्षरे मोठी करता येतात. 'टॉकबॅक' ही सोय चालू केली असता बोटाखालचा मजकूर मराठीतून वाचून दाखविला जातो. ज्यास लिहिणे जड जाते, त्याने बोललेले वाक्य अक्षररूपाने उमटते. कमी ऐकू येणाऱ्यास शिक्षकांचे बोलणे त्याच रीतीने वाचावयास मिळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पानाचे नुसते छायाचित्र हे वाचक-साधन सहसा वाचू शकत नाही. जुन्या पद्धतीच्या टंकांत छापलेली प्रश्नपत्रिका डोळ्यांस मराठी दिसते, परंतु यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. म्हणून प्रश्नपत्रिका व टिपणे युनिकोडमध्येच तयार करावीत. एवढ्या एका सवयीने अंध विद्यार्थ्यासही ती खुली होतात.

भीमेपलीकडे, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडून ध्वनी व चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या. २०२० साली त्यांस दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे जाहीर केले. २०१७ पासून 'दीक्षा' या उपयोजनाद्वारे अशी सामग्री सर्व शाळांस उपलब्ध आहे. वस्तीवर नेटवर्क नसेल, तर जेथे ते मिळते तेथे आदल्या दिवशी पाठ उतरवून घ्यावा.

मात्र टॅबलेट देऊन मुलास कोपऱ्यात एकटे बसवू नये. त्याच्या शेजारी सोबती असावा, पाठ सर्वांबरोबर चालावा आणि त्याने उत्तर वर्गासमोर द्यावे.

हंगाम संपताच ते मूल परत जाईल. त्याच्या दाखल्यासोबत दोन ओळींची चिठ्ठी अवश्य द्यावी: अक्षर किती मोठे लागते, कोणत्या बाजूने ऐकू येते, कशाने ते शिकते. पुढील शाळेतील शिक्षकांस मग आरंभापासून शोध घ्यावा लागणार नाही, आणि त्या मुलावर 'मठ्ठ' हा शिक्का पुन्हा बसणार नाही.