पेशीतील भट्टी



युनियनच्या माणसाने देहशास्त्रावर काय बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयात बसून. परंतु अंगमेहनतीवर जगणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचा देह. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आपल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्या याच. प्राणवायूच्या साह्याने अन्न जाळून पेशीला शक्ती पुरविणारी ही भट्टी. साखरेच्या एका रेणूपासून या रीतीने एटीपी या शक्तिवाहक द्रव्याचे सुमारे ३० रेणू मिळतात. भट्टीवाचून साखर नुसती फोडली तर अवघे २.

१९२० नंतर जर्मनीत ओटो वारबुर्ग यांना आढळले की, प्राणवायू असतानाही कर्करोगाची पेशी साखर फोडण्यावरच भर देते. त्यांनी ठरविले, भट्टी बिघडली म्हणून कर्करोग झाला. गिरणीत माल कमी निघाला की पहिले आरोपपत्र बॉयलरवाल्याला मिळावे, तसे हे झाले. पुढील चौकशीत आरोप टिकला नाही. बहुतेक कर्करोगांत भट्टी चालूच असते. मात्र भराभर वाढणाऱ्या पेशीला शक्तीबरोबर बांधकामाचा मालही लागतो, आणि तो साखर फोडताना हाती येतो.

आता दुसरी बाजू पाहा. २००६ साली जपानात शिन्या यामानाका यांनी उंदराच्या पेशीत चार जनुके घालून तिला मूलपेशीच्या अवस्थेत परत नेले. २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या परतीच्या वाटेवर तंतुकणिका आखूड व गोल होतात, ज्वलन मंदावते आणि पेशी साखर फोडू लागते. हा पालट मूलपेशीपणाच्या खुणा उमटण्याआधीच सुरू होतो. साखरेची वाट अडविली तर परतणेही खुंटते.

म्हणजे नवजीवनाची वाट आणि कर्करोगाची वाट काही अंतर एकत्रच चालतात. त्या चारांतील सी-मिक हे जनुक अनेक कर्करोगांत बेफाम झालेले असते, आणि प्रयोगातील काही उंदरांना त्यामुळे गाठी झाल्या. फरक शिस्तीचा आहे. मूलपेशी योग्य आज्ञा मिळताच भट्ट्या वाढवून हृदयाची वा मज्जातंतूची पेशी होते. कर्कपेशी आज्ञा जुमानत नाही. बिघडलेल्या पेशीने मरावे हा हुकूमही पुष्कळदा या भट्टीतूनच सुटतो. कर्कपेशी तोही दडपते.

म्हणून जाणते लोक जपून पावले टाकतात. २०१४ साली जपानात अशा पेशींपासून केलेला पडदा एका रुग्णाच्या डोळ्यात बसविला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसताच ते काम थांबविले. उलट आपल्याकडे मूलपेशींच्या सुया टोचून वाटेल तो रोग बरा करू म्हणणारे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकार इत्यादींसाठी मान्य झालेले रोपण सोडले तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

तेव्हा फंडाचे पैसे मोडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: चाचणीची मंजुरी कुठे आहे? कागद मागणे हा अपमान नव्हे, हक्क आहे. आम्ही युनियनमध्ये तेच शिकलो.