छेदात कोण आहे?



मला कोविडच्या काळातल्या आठवणी सांगायला बोलावलंय. पण काल रात्री जेवताना आपल्याच वर्गातल्या एकाने विचारलं, "पहिल्या लाटेत काका ज्या हॉस्पिटलातून बरे होऊन आले, तिथेच दुसऱ्या लाटेत बाबा गेले. तिथलं मृत्यूचं प्रमाण कितीतरी वाढलं होतं. तुम्ही डॉक्टर लोक कमी पडलात का?" आज त्यालाच उत्तर देतो.

गणिताचे सर समोर बसले आहेत. अपूर्णांक दिसला की आधी छेद बघा, असं ते बजावायचे.

२०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणूस दाखल व्हायचा, साधा खोकला असला तरी. समजा, २०० दाखल झाले, त्यांत ४० गंभीर. गंभीरांपैकी १२ दगावले, तर प्रमाण ६ टक्के. एप्रिल-मे २०२१ मध्ये बेडच नव्हते. ऑक्सिजन खाली गेलेल्यालाच जागा मिळायची. समजा, १०० दाखल, ८० गंभीर, त्यांतले २४ गेले. प्रमाण २४ टक्के! पण दोन्ही वेळा गंभीर रुग्णांत दर १० मागे ३ च गेले. आकडे मी बनवलेले आहेत, घोटाळा मात्र खरा.

म्हणजे सगळा हिशेबाचाच खेळ होता का? नाही, तसं म्हणणं लबाडी होईल. डेल्टा खरोखरच जास्त घातक होता. तरुण रुग्णही बरेच येत होते. एका सिस्टरकडे किती पेशंट असावेत याचा धरबंध राहिला नव्हता. औषधाची समज उलट वाढली होती: जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून कळलं, की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पण औषध माहीत असणं आणि ऑक्सिजन हाताशी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

तिसऱ्या लाटेत, जानेवारी २०२२ मध्ये, देशात दिवसाला ३ लाखांवर रुग्ण सापडत होते, तरी मृत्यू दुसऱ्या लाटेपेक्षा खूपच कमी. ओमायक्रॉन फुप्फुसाला तुलनेने कमी धरायचा, बहुतेकांची लस झाली होती, अनेकांना आधी लागणही होऊन गेली होती. शिवाय बाळंतपणाला किंवा मोडलेल्या हाडासाठी आलेली, तपासणीत पॉझिटिव्ह निघालेली माणसंही कोविडच्या यादीत गेली. छेद पुन्हा फुगला.

मित्रा, तुझे बाबा उशिरा पोहोचले, कारण तीन ठिकाणी बेड नाही म्हणून परत पाठवलं होतं. हे तूच सांगितलंस. आम्ही कमी पडलो का, तर हो, तिथे पडलो. आणि जे त्या फेऱ्यांत रिक्षात किंवा घरीच गेले, ते हॉस्पिटलच्या अपूर्णांकात वरही नाहीत आणि खालीही नाहीत.